गिरणगावचा रस्ता : पाहणाऱ्याचे स्थान

गर्दीच्या चित्रणाचा इतिहासाचे साधन म्हणून उपयोग करावयाचा, तर पाहणारा कोठे उभा आहे, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. मुंबईच्या मराठी चित्रणात या प्रश्नाचे उत्तर शतकभरात पालटत गेले.

गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. शहरातील पहिली कापडगिरणी सुरू होऊन तेव्हा सातच वर्षे लोटली होती. ग्रंथकाराची भूमिका माहितगार वाटाड्याची आहे. पुढे पठ्ठे बापूरावांच्या लावणीत मुंबई नवलाची नगरी झाली. अण्णा भाऊ साठे यांनी ‘मुंबईची लावणी’त तोच लोकप्रकार हाती घेतला, मात्र मलबार हिल आणि परळ समोरासमोर ठेवून नवलाचे रूपांतर विषमतेच्या हिशेबात केले. नारायण सुर्वे यांचा सांभाळ गिरणीकामगाराच्या घरी झाला. ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या त्यांच्या संग्रहापर्यंत येताना वर्णनातील तृतीय पुरुष प्रथम पुरुष झालेला आढळतो. हा केवळ व्याकरणाचा भेद नव्हे.

चाळीतील एकाच खोलीत अनेकांना राहावे लागे. त्यामुळे रस्ता हा घराचाच विस्तार होता. रत्नागिरी, सातारा येथून आलेला कामगार त्या रस्त्यावर ‘गाववाला’ शोधी. ‘गिरणगाव’ या सामासिक नावातही गिरणी आणि गाव शेजारी नांदतात. बाहेरच्याला जेथे नुसती गर्दी दिसते, तेथे आतल्याला नाती दिसतात.

जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत चालल्या नाहीत. सुधीर पटवर्धन यांचे ‘लोअर परळ’ हे चित्र २००१ चे, म्हणजे या पडझडीनंतरचे आहे. तो रस्ता आता जसाच्या तसा पाहावयास मिळत नाही. म्हणून कलाकृतींच्या साक्षीचे मोल वाढले आहे.

ही साक्ष निर्विवाद मानू नये. लावणीवरून मजुरीचे दर काढता येत नाहीत, की चित्रावरून लोकसंख्या. त्यांसाठी जनगणना व गिरण्यांची दप्तरे आहेतच. परंतु खोलीतील माणसे मोजणारा तक्ता ती एकमेकांना काय म्हणून हाक मारीत, हे सांगत नाही. कामगाराला केवळ संख्या म्हणून उरवावयाचे नसेल, तर इतिहासकाराने दोन्ही साधने एकत्र वाचली पाहिजेत.