चंदीचा किल्ला : कोणी बांधला, कशासाठी?

चेन्नईहून तिंडिवनममार्गे तिरुवण्णामलैकडे जाताना, सुमारे १५० किलोमीटरवर, प्रचंड शिळांच्या राशी वाटाव्यात अशा तीन टेकड्या दिसू लागतात. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी ही त्यांची नावे. या तिन्ही टेकड्यांना सुमारे १३ किलोमीटरच्या तटाने एकत्र गुंफणारा किल्ला म्हणजे जिंजी. तमिळमध्ये सेंजी, तर जुन्या मराठी लेखनात चंदी. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची साक्ष देणाऱ्या १२ किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतील ११ महाराष्ट्रात आहेत, बारावा हा.

मग हा किल्ला मराठ्यांनी बांधला काय? उत्तर इतके सरळ नाही. स्थानिक परंपरेनुसार इ. स. १२०० च्या सुमारास आनंद कोन नावाच्या मेंढपाळाला या टेकडीच्या कपारीत धन सापडले, त्या बळावर तो राजा झाला आणि त्याने राजगिरीवर पहिला कोट बांधला. त्याच्या वारसाने, कृष्ण कोनाने, उत्तरेकडील टेकडीवर तट चढवला, म्हणून ती कृष्णगिरी. कथा सुरेख आहे. परंतु ती ज्या कागदांतून आपल्यापर्यंत आली, ते कॉलिन मॅकेन्झी यांच्या संग्रहातील असून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे आहेत. घटना आणि लेखन यांत ६०० वर्षांचे अंतर पडते. या परिसरात वस्ती मात्र त्याहूनही जुनी आहे. जवळच्या तिरुनाथरकुन्रु येथील खडकावर २४ तीर्थंकर कोरलेले आहेत आणि सिंगवरम् येथे पल्लवकालीन गुहामंदिर आहे. आज दिसणारे बरेचसे बांधकाम विजयनगर आणि नायक राजवटीच्या काळातील मानले जाते.

कोणी बांधला याइतकाच कशासाठी हाही प्रश्न अवघड आहे. राजगिरीच्या माथ्याशी खोल घळ आहे आणि ती ओलांडण्यासाठी पूल. तेथे हेतू संरक्षणाचा, हे उघड दिसते. पायथ्याच्या कल्याणमहालाचे तसे नाही. नावावरून ते लग्नाचे सभागृह वाटते, पण मनोऱ्याभोवतीच्या चौकाची व दालनांची रचना पाहून अनेक अभ्यासक त्यास राणीवसा म्हणतात. एका शिळेतील पोकळीला ‘कैद्यांची विहीर’ म्हणतात. तीत कैद्यांना उपाशी मरण्यासाठी टाकीत, असे सांगितले जाते.

असा प्रश्न केवळ जिंजीपुरता नाही. जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर ऐनू लोकांनी डोंगरधारेवर चर खणून व मातीचे बांध घालून उभारलेल्या ५०० हून अधिक जागा सापडल्या आहेत. त्यांना ‘चाशी’ म्हणतात. त्या गढ्या होत्या, टेहळणीची ठाणी होती, की सभेची आणि पूजेची पवित्र स्थळे, याविषयी मतभेद आहेत. १६६९ मध्ये शाकुशाइन या ऐनू नायकाने मात्सुमाए सत्तेविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्याचे ठाणे अशाच एका चाशीवर होते. म्हणून सर्वच चाशी युद्धासाठी बांधल्या गेल्या, असे ठरत नाही. जागा तीच राहते, वापर मात्र काळाच्या गरजेप्रमाणे पालटतो.

जिंजीचेही तसेच झाले. १६७७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी विजापूरकरांकडून हा किल्ला घेतला आणि जुन्या बांधकामाचा काही भाग पाडून नवा तट घातला. जेझुइट पाद्रींच्या तत्कालीन पत्रांत याची नोंद आहे. बाराच वर्षांनी ती दूरदृष्टी स्वराज्याच्या कामी आली. १६८९ मध्ये छत्रपती राजाराम महाराज पन्हाळ्याहून वेषांतर करून येथे पोहोचले आणि जिंजी ही मराठ्यांची राजधानी झाली. झुल्फिकारखानाचा वेढा वर्षानुवर्षे चालला. १६९८ मध्ये किल्ला पडला, तेव्हा महाराज निसटून गेलेले होते. याच किल्ल्यात कृष्णाजी अनंत सभासदांनी राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले. मराठी गद्याचा हा अमोल ग्रंथ तमिळ भूमीवर सिद्ध झाला, ही गोष्ट चेन्नईच्या प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असायला हवी.

मात्र त्याच मुलाचा तमिळ मित्र जिंजीचे नाव निघताच राजाराम महाराजांचे नव्हे, तर देसिंगुराजाचे नाव घेईल. बुंदेला वंशातील हा तरुण राजा, तेजसिंह, १७१४ मध्ये अर्काटच्या नवाबाशी लढताना पडला, आणि तमिळ लोकगाथांनी त्याला अमर केले. राजा उत्तरेकडचा, गाथा तमिळ, तट नायकांचा आणि मराठ्यांचा, मूळ कथा मेंढपाळांची. यांपैकी एकाच नावाची पाटी लावली तर उरलेले सारे पुसले जाते.

शालेय सहली जिंजीला जातात, तेव्हा मुले पायऱ्या मोजत राजगिरी चढतात. त्या चढणीवर त्यांना सभासदांची गोष्ट सांगावी, आणि त्याच दमात आनंद कोनाची व देसिंगुराजाचीही सांगावी. परंपरा कोणती आणि पुरावा कोणता, हा भेद त्यांच्यापुढे ठेवावा. परप्रांतात मराठी शाळा चालवणाऱ्या समाजाला आपला इतिहास जपताना शेजाऱ्याचा इतिहासही समजून घेता येतो, हे मुलांना दाखवण्यासाठी याहून योग्य जागा तमिळनाडूत क्वचितच मिळेल.