पनवेलीस एक दिवस

एका दिवसाची सहल ठरवावयाची झाली म्हणजे मुंबईकर कुटुंबांत बहुधा दोनच नांवें पुढें येतात. एक माथेरानचें आणि दुसरें घारापुरीचें. माथेरानास हवा मिळते, घारापुरीस लेणीं मिळतात. पनवेलीस चला असें कोणी म्हटलें, तर ऐकणारा त्याच्याकडे किंचित् करुणेनें पाहतो व विचारतो, "तेथें पाहावयाचें तें काय?" प्रश्न अगदींच गैरवाजवी आहे असें नाहीं. आमच्या पिढीस पनवेल ठाऊक आहे तें गाडी बदलण्याचें ठिकाण म्हणून. कोंकणांत उतरतांना तेथें एस. टी. थांबते, पुण्यास जातांना तेथें चहा होतो, आणि चहा संपण्यापूर्वींच कंडक्टर घंटा वाजवितो! परंतु हें आजचेंच नव्हे. गेल्या दोनशें वर्षांत जीं माणसें पनवेलीस आलीं, त्यांपैकीं बहुतेकांस जावयाचें होतें दुसरीकडेच. आणि त्यांच्याच येण्याजाण्यावर हें गांव वाढलें. अशा गांवांत एक पुरा दिवस थांबावयाचें तर कोठें थांबावें व कोणत्या वेळीं, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम वेळेचा विचार. कारण पनवेलीचा सारा इतिहास वेळेचा आहे. गाढी नदी माथेरानच्या डोंगरावरून उतरते व पनवेलीस येऊन खाडीस मिळते; खाडी पुढें मुंबईच्या बंदरांत शिरते. ही खाडी उथळ. भरतीचें पाणी चढलें म्हणजे पडाव थेट गांवाच्या धक्क्यापर्यंत येत. ओहोटी लागली म्हणजे तेच पडाव चिखलांत बसत आणि आंतील उतारू पुढच्या भरतीची वाट पाहात. टेम्स नदीच्या मुखाजवळील ग्रेव्हसेंड गांवाची हीच तऱ्हा होती. तेथून लंडनास जाणारी नाव भरती लागली कीं सुटे; मग ती पहांट असो कीं मध्यरात्र. आमच्या कोळी बांधवांस घड्याळाची गरज कधींच भासली नाहीं. तिथीचा अंक घेऊन त्याची तीन-चतुर्थांश करावी, जो आंकडा येईल त्या सुमारास भरती, असा त्यांचा साधा हिशेब आहे. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस व अमावास्येस सव्वा अकरा. खाडीच्या आंतील टोंकास पाणी थोडें मागाहून पोंचतें, तेवढें धरून चालावें. तेव्हां सहलीसाठीं पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या लगतचा, हिवाळ्यांतला रविवार निवडावा, म्हणजे दुपारच्या बाराच्या आंतबाहेर खाडी तुडुंब भरलेली दिसेल. अष्टमीस दुपारीं गेलां तर चिखल पाहून परत याल आणि दोष आम्हांस द्याल.

या पाण्यावरून कोण कोण गेलें! आगगाडीपूर्वीं मुंबईहून पुण्यास जाण्याची सर्वांत रुळलेली वाट म्हणजे बोटीनें पनवेल, तेथून पालखी, घोडें किंवा बैल करून खोपोली, आणि मग बोरघाट. १८०३ च्या मराठे-इंग्रज युद्धांत जनरल वेलस्लीच्या सैन्यासाठीं मुंबईहून येणारी सामग्री पनवेलीस उतरत असे. त्याच्या पत्रव्यवहारांत या गांवाचें नांव पुनः पुनः येतें. ज्यानें पुढें वाटर्लूस नेपोलियनला हरविलें, त्यास पनवेलीच्या बैलांची काळजी करीत बसावें लागलें, ही गोष्ट आमच्या शालेय इतिहासांत कोणी सांगत नाहीं. १८२५ सालीं बिशप हेबर याच मार्गानें पुण्यास गेला. १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें बोरघाटांतून गाडीरस्ता खुला केला आणि पनवेलीचे दिवस खऱ्या अर्थानें पालटले; कारण चाकाची गाडी घाट चढूं लागली, तसा देशावरचा माल थेट खाडीवर येऊं लागला.

यापुढील सालें एकमेकांशेजारीं ठेवून पाहावीं. पनवेलीचें बेथ एल हें प्रार्थनामंदिर बेने इस्राएल समाजानें १८४९ सालीं बांधलें. नगरपालिकेचा आरंभ १८५२ मधला. महाराष्ट्रांतील सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकीं ती एक. दगडी मंदिर बांधण्याइतका समाज जेथें स्थिरावला, आणि दिवाबत्ती-गटारांची चिंता वाहण्याइतकी वस्ती जेथें दाटली, तें गांव त्या क्षणीं भरभराटींत होतें हें उघड आहे. आणि १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली! १८५४ मध्यें ती कल्याणास, १८५६ मध्यें खोपोलीस पोंचली. १८६३ सालीं बोरघाटाचा लोहमार्ग पुरा झाला. ही सारी वाट पनवेलीस वगळून, कल्याण-कर्जतवरून गेली. ज्या प्रवासास भरती सांभाळून दोन दोन दिवस लागत, तो आतां गाडींत बसून एका दिवसांत होऊं लागला. पनवेलीच्या धक्क्यावर उतरण्याचें कोणास कारणच उरलें नाहीं.

असलें गांव मरावयाचें. इंग्लंडांत घोडागाड्यांच्या रस्त्यावरच्या कित्येक खाणावळी रेल्वेनें ओस पाडल्या. पनवेल मेलें नाहीं, याचें श्रेय आम्ही तेथील कारागिरांस देतों. ब्रिटिश अमदानींतील गॅझेटियरांत पनवेलीचा मुख्य धंदा म्हणून नोंद आहे ती गाडीच्या चाकांची. आगगाडीनें उतारू नेले, पण स्टेशनापासून खेड्यापर्यंतची वाट बैलगाडीचीच राहिली. आणि बैलगाडीस चाक लागतेंच. १८७२ सालीं वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं येथें श्रीधूतपापेश्वर ही आयुर्वेदिक औषधांची संस्था काढली, तिचीं आसवें व भस्में पुढें दूरदूर गेलीं. इतिहासाच्या पुस्तकांत लढाया व तह येतात. चाक करणारा सुतार व काढा आटविणारा वैद्य यांस तेथें जागा नसते. पनवेल ज्यांनीं तगविलें ते मात्र हेच.

रेल्वे पनवेलीस आली ती थेट १९६४ च्या सुमारास, दिव्याहून. म्हणजे शंभर वर्षांनीं. मुंबईची लोकल तर १९९८ सालीं. मधल्या काळांत शिरीष पटेल, चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता यांनीं मांडलेली खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना सरकारनें उचलली; १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या मुंबईसाठीं घेण्याचें ठरलें. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं जो लढा दिला, त्यांत जानेवारी १९८४ मध्यें पांच जणांचे प्राण गेले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के भाग मूळ मालकास परत देण्याची योजना त्या रक्तांतून आली. २०१६ सालीं पनवेल महानगरपालिका झालें. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं शेजारींच विमानतळाचें उद्घाटन झालें, आणि त्यासाठीं उलवें नदीचें पात्र वळवावें लागलें, एक टेकडी सपाट करावी लागली.

येथें आम्हांस एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. भरतीचें पाणी जेथें पसरत असे, तीं खाजणें, मिठागरें व कांदळवनें एकामागून एक भरलीं जात आहेत. २६ जुलै २००५ रोजीं गाढीचा पूर पनवेलीच्या घराघरांत शिरला, तो ज्यांनीं पाहिला ते सांगतात कीं पाणी उतरावयाचें नांव घेईना. वरून डोंगराचें पाणी व खालून समुद्राचें, हीं समोरासमोर आलीं म्हणजे तीं कोठें तरी मावलीं पाहिजेत. पूर्वीं तीं खाजणांत मावत. विमानतळ नको असें म्हणणारे आम्ही नव्हे. पण ज्या खाडीनें गांव जन्मास घातलें, ती गटाराप्रमाणें वागविली जात असतां नागरिकांनीं तिच्याकडे पाठ फिरवून राहावें, हें आम्हांस पसंत नाहीं. सहलीचा आग्रह आम्ही धरतों त्याचें अर्धें कारण हेंच आहे. धक्क्याच्या वाटेवर पांचपन्नास कुटुंबें दर पौर्णिमेस उभीं राहूं लागलीं, तर पात्रांत भराव घालणाऱ्याचा हात निदान दिवसाउजेडीं तरी आंखडेल.

आतां बेत. सकाळीं सातच्या सुमारास मुंबईहून लोकलनें निघावें. स्टेशनावरून जुन्या गांवांत यावें, प्रथम वडाळे तळ्याच्या कांठीं थोडें बसावें व बल्लाळेश्वराचें दर्शन घ्यावें. मग जुन्या बाजारपेठेंतून पायीं हिंडावें. जे दोनचार लांकडी खांबांचे वाडे अजून उभे आहेत ते डोळे भरून पाहून घ्यावे, कारण पुढच्या वर्षीं त्यांच्या जागीं काय असेल याची शाश्वती नाहीं. बेथ एल मंदिर पाहावयाचें असल्यास आधीं विचारून जावें; शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस, म्हणूनच आम्ही रविवार सुचविला. एके काळीं कुलाबा जिल्ह्यांत ज्यांस 'शनिवार तेली' म्हणत, ते हेच मराठी बोलणारे यहुदी. १९४८ नंतर त्यांच्यांतील पुष्कळ जण इस्राएलास गेले. साडेअकरास कोळीवाड्याकडून खाडीवर पोंचावें, आणि पाणी वळेपर्यंत तेथून हालूं नये. मुलांस कंटाळा येईल, येऊं द्यावा. वेलस्लीलाहि आला असेल.

जेवणानंतर कर्नाळ्यास जावें असा आग्रह बहुतेक जण धरतील. आमचें मत तसें नाहीं. १६७० सालीं शिवछत्रपतींनीं मोंगलांकडून परत घेतलेला तो किल्ला व १९६८ पासूनचें तेथील पक्ष्यांचें अभयारण्य हा सबंध दिवसाचा ऐवज आहे; थकल्या पायांनीं अर्धा डोंगर चढून परत फिरण्यांत कांहीं अर्थ नाहीं. त्याऐवजीं पळस्प्यावरून गोव्याच्या रस्त्यास लागून शिरढोणास जावें. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म येथें ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं झाला. त्यांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार; १८१८ सालीं किल्ला इंग्रजांनीं घेतला. नातवानें इंग्रजी शिकून नोकरी धरली ती प्रथम जी. आय. पी. रेल्वेंत, म्हणजे ज्या रेल्वेनें त्यांच्या मुलखाची वाट ओस पाडली तिच्याच कचेरींत. पुढें पुण्यास लष्करी हिशेबखात्यांत. १८७९ सालीं त्यांनीं बंडाचें निशाण उभारलें, त्याच वर्षीं ते पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडनच्या तुरुंगांत त्यांचा अंत झाला. त्यांचें स्मारक गांवांत आहे. तेथें अर्धा तास द्यावा, आणि अंगणांत उभें राहून कर्नाळ्याचा तो आंगठ्यासारखा सुळका दिसतो कीं काय तें मुलांस शोधावयास सांगावें.

परततांना पळस्पे फाट्यावर क्षणभर थांबावें. एक रस्ता पुण्यास जातो, दुसरा गोव्यास. दोन्हींवर गाड्यांची रीघ लागलेली असते, आणि त्यांतील एकहि पनवेलीस आलेली नसते. संध्याकाळीं सहाच्या पुढें लोकलला गर्दी कमी. मुंबईकडे जातांना बसावयास जागा बहुधा मिळते.