तणमोर वाचवायचा तर आधी शिकाऱ्याचं ऐका : वऱ्हाडातल्या फासेपारध्यांचं म्हणणं काय आहे?

जुलै महिना. अकोला-वाशीमकडच्या माळावर गुडघाभर गवत आलेलं. त्या गवतातून काळ्या-पांढऱ्या रंगाचा, कोंबडीएवढा एक पक्षी ताडकन वर उडी मारतो, हवेत पंख फडफडवतो आणि परत गवतात गायब होतो. थोड्या वेळानं पुन्हा तेच. दिवसभरात शेकडो वेळा.

हा तणमोर. तण म्हणजे गवत, म्हणून गवतातला मोर तो तणमोर. जगात हा पक्षी फक्त भारतीय उपखंडात सापडतो आणि आज तो नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे. त्याला वाचवण्यासाठी वऱ्हाडात जे लोक पुढे आले, ते पिढ्यानपिढ्या पक्षी पकडून पोट भरणारे फासेपारधी आहेत.

शिकारीच पक्ष्याचा राखणदार कसा झाला? आणि दुर्मीळ प्राणी वाचवण्याबद्दल शिकाऱ्याचं स्वतःचं म्हणणं काय असतं? एकेक मुद्दा बघू.

तणमोर इतका दुर्मीळ का झाला?

तणमोर हा माळढोकाच्या कुळातला सर्वात लहान पक्षी. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, त्याचा विणीचा हंगाम असतो. मादीला आपण कुठे आहोत ते कळावं म्हणून नर गवतातून उड्या मारतो. मादी जमिनीवरच अंडी घालते. त्यामुळे त्याला फार उंच नाही आणि फार खुरटंही नाही असं गवत लागतं. सोबत शांतता लागते.

इंग्रजांच्या काळात साहेबलोकांच्या शिकारीच्या यादीत हा पक्षी मानाचा होता. उडी मारणारा नर लांबूनच दिसायचा, म्हणून बंदुकीला सोपा. म्हणजे ऐन विणीच्या हंगामातच नर मारले जायचे.

2017-18 मध्ये भारतीय वन्यजीव संस्था, बीएनएचएस आणि इतर संस्थांनी मिळून देशभर पाहणी केली, तेव्हा नरांचा आकडा 264 च्या आसपास आला. 2021 मध्ये आययूसीएननं तणमोराला 'अतिसंकटग्रस्त' गटात टाकलं. यानंतरची पायरी म्हणजे निसर्गातून नामशेष.

पण बंदुकीची शिकार बंद होऊन अनेक दशकं झाली, तरी पक्षी कमीच होत गेला. कारण आता त्याचं घरच राहिलं नाही. वऱ्हाडात गवताळ माळ म्हणजे बहुतेक वेळा ई-क्लास जमीन, गावाचं गायरान. सरकारी कागदावर ती पडीक. त्यावर अतिक्रमण झालं, काही ठिकाणी वृक्षलागवडीचे खड्डे खोदले गेले, चराई वाढली, बाजूच्या शेतात सोयाबीन आलं आणि फवारणी आली. भटक्या कुत्र्यांनी जमिनीवरची अंडी आणि पिल्लं खाल्ली. 'इथं काहीच नाही' असं म्हणून आपण ज्या माळाकडे बघतो, त्याच माळावर हा पक्षी जगत होता.

फासेपारधी कोण?

फासे लावून शिकार करणारे ते फासेपारधी. तितर, लाव्हे, ससे आणि पूर्वी काळवीटसुद्धा त्यांच्या फाशात सापडायचं. शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडोशानं सावजाजवळ सरकत जायची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. विदर्भात त्यांच्या वस्तीला 'बेडा' म्हणतात.

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं इंग्रजांनी देशातल्या अनेक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. पारधीही त्याच फेऱ्यात अडकले. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला, पण शिक्का पुसला गेला नाही. परिसरात कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी बेड्यावर, हे चित्र आजही विदर्भाला नवं नाही.

त्यात 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. पुढे 1991 च्या दुरुस्तीनं शिकारीची उरलीसुरली दारंही जवळपास बंद केली. कायदा गरजेचा होता, यात वाद नाही. पण ज्यांचं पोटच शिकारीवर होतं, त्यांना पर्यायी काम, जमीन किंवा शिक्षण देण्याची तितकी घाई कुणी केली नाही. अनेकांच्या वाट्याला मजुरी आणि भीकच आली.

अमरावती जिल्ह्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथली 'प्रश्नचिन्ह' आश्रमशाळा याच परिस्थितीतून उभी राहिली. स्वतः फासेपारधी समाजातले शिक्षक मतीन भोसले यांनी भीक मागणाऱ्या पारधी मुलांसाठी ती सुरू केली. पुढे समृद्धी महामार्गाच्या कामात शाळेचा काही भाग पाडला गेला, तेव्हा तिची बातमी देशभर गेली.

शिकारीलाही नियम होते का?

होते. मानववंशशास्त्रज्ञ कैलास मल्होत्रा आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला. 1983 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांनी नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी यांची तुलना केली आहे.

त्यातून दोन गोष्टी समोर आल्या. एक, तिन्ही जमातींनी सावजं जणू वाटून घेतली होती. फासेपारधी काळवीट आणि पक्षी फाशात धरायचे, वैदूंचा भर मुंगूस-उदमांजरासारख्या लहान मांसाहारी प्राण्यांवर होता, तर नंदीवाले साळिंदर आणि घोरपडीच्या मागे असायचे. म्हणजे एकाच प्राण्यावर सगळ्यांची धाड पडत नव्हती.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फाशात गाभण मादी किंवा पाडस अडकलं तर फासेपारधी ते सोडून देत. यात दया किती आणि हिशेब किती, हा वाद घालता येईल. पण आज गाभण मादी मारली तर पुढच्या वर्षी फासा रिकामा राहणार, हे फाशावर पोट असणाऱ्याला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

वऱ्हाडात नेमकं काय घडलं?

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा (लाड) इथे कौस्तुभ पांढरीपांडे यांची 'संवेदना' ही संस्था काम करते. अकोला आणि वाशीम जिल्ह्यांतल्या पारधी बेड्यांवर तिचं काम वाढत गेलं. अकोला जिल्ह्यातलं वडाळा हे त्यातलं सर्वात चर्चेत आलेलं गाव.

इथे सुरुवात 'शिकार करू नका' या उपदेशानं झाली नाही. समाजाचे जुने नियम काय होते, ते का मोडले, माळावर पूर्वी काय दिसायचं आणि आता काय दिसत नाही, यावर आधी बेड्यांवर बोलणं झालं. त्यातून तणमोर धरायचा नाही, माळ राखायचा, चराई आणि वणवा आवरायचा, असं लोकांनीच ठरवलं. समाजातले तरुण तणमोराच्या नोंदी ठेवू लागले.

या कामात पारध्यांकडे असलेली गोष्ट पैशानं विकत मिळत नाही. फासा लावायचा तर पक्षी कोणत्या वाटेनं चालतो, कुठे पाणी पितो, कोणत्या आवाजाला उत्तर देतो, मादी अंड्यावर बसली की कशी वागते, हे सगळं माहीत असावं लागतं. पक्षी मारायला लागणारं हे ज्ञानच पक्षी मोजायला आणि वाचवायलाही लागतं.

हे इतरत्रही घडलंय. बिहारमधल्या 'मीर शिकार' या पक्षी पकडणाऱ्या समाजाचे अली हुसेन यांनी बीएनएचएसच्या शास्त्रज्ञांसोबत वर्षानुवर्षं काम केलं. पक्ष्याला इजा न होता पकडायचं आणि पायात कडी घालून सोडून द्यायचं, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

शिकाऱ्याचं म्हणणं काय?

पारध्यांच्या बाजूनं होणारी मांडणी चार मुद्द्यांत सांगता येते.

• पक्षी आमच्या फाशामुळे संपला नाही. फासे शेकडो वर्षं होते, तेव्हा पक्षीही होते. माळ गेला तेव्हा पक्षी गेला.

• आम्हाला चौकीदार म्हणून नका ठेवू. कुठलं गवत राखायचं, कधी कापायचं, गुरं कधी सोडायची, हे ठरवतानाही आम्ही हवेत.

• माळावर आमचा हक्क कुठे आहे? 2006 चा वनहक्क कायदा वनजमिनीसाठी आहे. ई-क्लास जमीन महसूल विभागाची. ज्या गवताची राखण करायची त्यावर कागदोपत्री अधिकार नाही, मग उद्या तिथे प्रकल्प आला तर अडवायचं कसं?

• शिकार सोडली, पुढे काय? जातीचा दाखला, रेशनकार्ड, शेतीचा तुकडा, मुलांची शाळा हे प्रश्न सुटले नाहीत तर रिकाम्या पोटी राखण किती दिवस चालणार?

तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर अमरावती जिल्ह्यातच सापडतं. अचलपूरजवळच्या पायविहीर गावाला 2012 मध्ये 192 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गावानं ते उजाड जंगल राखलं, तिथल्या सीताफळातून रोजगार उभा केला आणि 2014 मध्ये यूएनडीपीचा जैवविविधता पुरस्कार मिळवला. हक्क हातात आला की राखण कशी होते, याचं हे घरचं उदाहरण आहे.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. 1979 मध्ये सोलापूर-नगर भागात माळढोकासाठी 8,496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावंच्या गावं आणि खासगी शेतं आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि लोकांना माळढोक नकोसा झाला. पुढे अभयारण्याचं क्षेत्र मोठ्या प्रमाणात कमी करावं लागलं. आज नान्नजच्या माळावर माळढोक दिसणं हीच बातमी होते.

मग सगळेच शिकारी राखणदार झाले?

नाही. लाव्हे-तितरांची चोरटी विक्री अजूनही पकडली जाते. 2013 च्या सुमारास मेळघाटातल्या वाघांच्या शिकारीची जी प्रकरणं उघड झाली, त्यात मध्य प्रदेशातल्या बहेलिया शिकारी टोळ्या सापडल्या. ती पोटासाठीची शिकार नव्हती. त्यामागे कातडी आणि हाडांचा आंतरराष्ट्रीय बाजार होता.

गोंधळ असा की महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी, फासेपारधी, चित्ता पारधी, बहेलिया, टाकणकर ही नावं एकाच नोंदीत येतात. त्यामुळे एका टोळीची बातमी आली की संशय सगळ्या बेड्यांवर जातो. तस्करी करणारा आणि लाव्हा धरून घरी शिजवणारा यांच्यातला फरक कायद्यानं नाही तरी समाजानं ओळखायला हवा. तणमोर मात्र अनुसूची एकमध्ये आहे. त्याची शिकार केली तर किमान 3 वर्षं तुरुंग.

नामशेष प्राणी परत आणण्यात शिकाऱ्याचं काय काम?

यादीतलं 'चित्ता पारधी' हे नाव पुन्हा वाचा. संस्थानिकांसाठी चित्ते पकडून त्यांना काळवीटाच्या शिकारीला तयार करणारे हे लोक. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांची शिकार प्रसिद्ध होती. भारतातला चित्ता संपला आणि 1952 मध्ये तो नामशेष जाहीर झाला. 2022-23 मध्ये नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेतून 20 चित्ते कुनोला आणले. चित्त्याबरोबर राहणाऱ्यांचं ज्ञान मात्र तोवर विरून गेलं होतं. ते कुठूनही आयात करता येत नाही.

पन्नाचं उदाहरण आशा देणारं आहे. मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पात 2009 मध्ये एकही वाघ उरला नव्हता. बाहेरून वाघ आणून तिथे नवी पिढी उभी केली. त्याच पन्नात पारधी मुलांसाठी वसतिगृहं सुरू झाली आणि 'वॉक विथ द पारधीज' या उपक्रमात पारधी तरुण पर्यटकांना जंगल दाखवू लागले.

नागालँडमध्ये 2012 साली अमूर ससाण्यांची हजारोंनी शिकार होत असल्याचे फोटो जगभर गेले. गावसभा, चर्च आणि वनविभाग एकत्र आले आणि 2013 च्या हंगामात तिथे शिकार थांबली. अमेरिकेत मार्ग वेगळा आहे. 1937 च्या कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी जातो. म्हणजे शिकारीच संवर्धनाचा खर्च उचलतो. आपल्याकडे शिकारबंदी आहे आणि आपला शिकारी गरीब आहे, त्यामुळे ती नक्कल इथे चालणार नाही. आपल्या शिकाऱ्याकडे द्यायला पैसा नाही, माहिती आहे.

तणमोर पिंजऱ्यात वाढवून सोडता येईल का?

माळढोकासाठी राजस्थानात जैसलमेरजवळ प्रजनन केंद्र चालू आहे. 2024 मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. विज्ञान पुढे जातंय. पण पिल्लू वाढवलं तरी ते सोडायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. गवत नसेल तर सोडलेला पक्षी कुत्र्यांच्या तोंडी किंवा विजेच्या तारांवर जाणार.

मध्य प्रदेशात याला खरमोर म्हणतात. तिथे सैलाना आणि सरदारपूर इथे 1983 मध्ये खास खरमोरासाठी अभयारण्यं केली. शेतात खरमोर दिसल्याची खबर देणाऱ्या आणि घरटं राखणाऱ्या शेतकऱ्याला बक्षीस देण्याची योजनाही तिथे राबवली गेली. वऱ्हाडातही तणमोर माळावरून बाजूच्या शेतात जातो, त्यामुळे शेतकऱ्याला सोबत घेतल्याशिवाय इथेही पान हलणार नाही.

वऱ्हाडात त्यासाठी करण्यासारखी कामं अवघड आहेत, पण अशक्य नाहीत. ई-क्लास माळांची 'पडीक' ही नोंद बदलून गवताळ परिसंस्था म्हणून नोंद करणं. मारवेल, पवन्या, शेडा यांसारखं स्थानिक गवत राखणं आणि त्या माळावर झाडं न लावणं. विणीच्या तीन महिन्यांत चराई आवरणं. आणि जे बेडे हे काम करतात, त्यांना त्या माळाच्या व्यवस्थापनाचा लेखी अधिकार आणि मोबदला देणं.

तणमोराचा हंगाम दरवर्षी तीन महिन्यांचाच असतो. बाकीचे नऊ महिने माळ कुणाच्या ताब्यात आहे, त्यावर पुढच्या जुलैत तिथे उडी दिसणार की नाही ते ठरतं. फासेपारधी हेच सांगत आलेत.