शिंद्यांची चांदीची आगगाडी आणि तेलाचा थेंब

ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांची (१८७६–१९२५) आगगाडीची हौस आपल्यातील जुन्या मंडळींस ऐकून ठाऊक असेल. जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावर रूळ टाकलेले होते. त्यांवरून फिरणारी चांदीची छोटी गाडी पाहुण्यांपुढे मद्य व चिरूट आणीत असे. सात डब्यांवर घराण्याच्या इंग्रजी नावाचे एकेक अक्षर होते. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की पुढे निघे. व्हाइसरॉयच्या मेजवानीत विजेचा घोटाळा होऊन ती बेफाम सुटल्याची कथा 'फ्रीडम अ‍ॅट मिडनाइट' (१९७५) या ग्रंथात आली आहे.

कथा रंजक खरी. परंतु दुसऱ्या दिवशी ते इंजिन उघडून बसलेल्या कारागिराविषयी तीत अक्षर नाही. आमच्या मते या गाडीचा अर्धा इतिहास तेथेच निसटला.

रुळांतून वीज घेणाऱ्या छोट्या इंजिनाची निगा हे नाजूक काम होय. चाकाच्या धावेवर किंवा रुळावर तेलाचा पातळ थरही चालत नाही; वीज अडते, चाके घसरतात. तेल हवे ते आस फिरतो त्या जागी, सुईच्या टोकावर राहील एवढेच. दातेरी चाकांना किंचित घट्ट वंगण, आणि मोटारीच्या कार्बन ब्रशांजवळ एक थेंबही नको. अधिक तेल म्हणजे अधिक धूळ. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की तेच तेल राळेसारखे चिकटते व इंजिन जागच्या जागी गुरगुरते. (इच्छापोरच्या हिरे-उद्यानातील कारागिरांस हे निराळे सांगावयास नको. हिरा घासण्याच्या चकतीवर तेलात कालवलेली भुकटी किती लावावी, हे त्यांची बोटेच जाणतात.)

पुण्यात भाऊ जोशी यांनी १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडला छोट्या रेल्वेचे संग्रहालय उघडले. तेथे गाड्या प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष धावतात. म्हणजे पडद्याआड कोणीतरी नित्य चाके पुसतो, थेंब मोजतो. राजवाड्यातील वैभवाहून आम्हांस हे मोलाचे वाटते.

आपल्यापैकी काहींच्या माळ्यावर आजोबांच्या काळची चावीची आगगाडी असेल. तिला एकदम चावी देऊ नये. आधी जुने वंगण स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे, रंगास बोळा लागू देऊ नये, मग आसांस एकेक थेंब देऊन चाके हाताने फिरवून पाहावीत.