तापाचे दप्तर

अफजलखानाचा पाडाव झाल्यावर शिवाजी महाराजांनी जखमी लोकांना जखम पाहून 25 पासून 200 होनांपर्यंत बक्षीस दिले, असे सभासदाने लिहून ठेवले आहे. पुढे पेशवाईतही लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांना बालपरवेशी मिळे. सैनिकाचे ऋण मोजण्याची ही रीत जुनी आणि उमदी होती, पण तिचे माप जखमेचे होते. तलवारीचा वार डोळ्यांना दिसतो, बोटांनी मोजता येतो, कारकुनाला लिहिता येतो. मोहिमेतून परतल्यावर दोन वर्षांनी उलटणारा ताप, पाय सुजवणारा आजार किंवा उंच बर्फात राहून आलेल्याची धाप या मापात बसत नाही. युद्धाने दिलेल्या आजारांची नोंद ठेवणारे दप्तर आपल्याकडे उभे राहिले नाही, याचे मूळ मला याच सवयीत दिसते. लष्कराकडे फारसा न वळणारा प्रांत अशी ज्याची समजूत आहे, त्या खानदेशचा इतिहास या बाबतीत बरेच काही सांगतो.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला, तेव्हा सातपुडा आणि सातमाळा अशा दोन्ही डोंगररांगांतील भिल्ल नाईकांशी त्यांचा झगडा सुरू झाला. त्यात कंपनीच्या पलटणींना बाणांपेक्षा हिवतापाने जास्त छळले. डोंगरात उतरलेल्या तुकड्या काही आठवड्यांत आजाऱ्यांनी भरून जात. 1825 मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला तळ करून भिल्लांचीच पलटण उभारली. त्यामागे राजकीय धूर्तपणा होताच, पण ज्यांना तिथली हवा सोसते त्यांनाच तिथे पाठवावे, हा हिशेबही होता. 1830 मध्ये हीच पलटण डांगच्या जंगलात गेली. हवा ‘सोसते’ म्हणजे नेमके काय, याचा शोध कोणाला घ्यावासा वाटला नाही. हिवताप डासांमुळे पसरतो हे रोनाल्ड रॉसला कळायला 1897 उजाडले, हे खरे. पण कारण ठाऊक नसले तरी माणसे मोजता येतात. पगार, हत्यारे आणि हजेरी यांचे कागद सरकारने काटेकोर ठेवले. पलटण सोडून पाड्यावर परतलेल्या शिपायाच्या प्रकृतीचा मात्र त्या हिशेबाशी संबंध नव्हता.

पहिल्या महायुद्धात हे दुखणे साऱ्या जगासमोर आले. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 या काळात मेसोपोटेमियातील कुत येथे सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली. 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. वेढ्यात भाजीपाला संपला, घोड्याचे मांस खायला बहुतेक हिंदी शिपाई बराच काळ तयार नव्हते आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. पांढऱ्या पिठाच्या पावावर जगणाऱ्या गोऱ्या सैनिकांना बेरीबेरीने गाठले. हिंदी शिपायांच्या आट्यात कोंडा होता, त्यामुळे ते तिच्यातून बरेचसे वाचले. एकाच गावात, एकाच वेढ्यात, शिध्याप्रमाणे आजार वाटले गेले! हे आज सांगता येते, कारण तिथल्या डॉक्टरांनी नोंदी केल्या आणि आधीच्या वैद्यकीय अनास्थेवरून गदारोळ झाल्यावर नेमलेल्या आयोगाने 1917 मध्ये आपला अहवाल काढला. म्हणजे मोजणी झाली ती बोभाटा झाल्यावर. युद्ध संपल्यावर सैनिक मंडळे आली. आजची धुळे आणि जळगावची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये त्याच परंपरेतली आहेत. पेन्शन, मुलांची शिष्यवृत्ती, विधवांची मदत, ओळखपत्र ही त्यांची कामे. आजाराचा रकाना त्यांच्या वहीत मुख्य कधीच झाला नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर 1943 साली जखमी होऊन मागे आणलेल्या प्रत्येक माणसामागे आजारी म्हणून आणलेले 120 होते, असा हिशेब जनरल स्लिमने दिला आहे. 1962 नंतर जवान हिमालयात एकदम उंचावर नेले गेले, तेव्हा फुप्फुसात पाणी भरण्याचा आजार मोठ्या प्रमाणावर दिसला. इंदर सिंग आणि त्यांच्या लष्करी सहकाऱ्यांनी 1,925 सैनिकांचा अभ्यास 1969 मध्ये प्रसिद्ध केला. उंचीच्या आजारांविषयी जगाला जे कळले, त्यात या हिंदी जवानांच्या छातीचा वाटा आहे. लष्कराला मोजता येत नाही असे नाही, हे या एका आकड्यावरून कळते. प्रश्न आहे तो पटावरचे नाव खोडल्यावर, म्हणजे जवान पाचोऱ्याला किंवा शिरपूरला घरी आल्यावर कोण मोजतो, हा.

घरी आलेल्या माणसाची गाठ पडते मेडिकल बोर्डाच्या एका वाक्याशी: आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. अपंगत्वाचे पेन्शन या वाक्यावर अडते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असे धरावे आणि उलटे सिद्ध करण्याचा भार सरकारवर टाकावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सांगितले. निकाल न्याय्य आहे, पण त्याने दाव्याचा तंटा सुटतो, आजाराचे ज्ञान वाढत नाही. एका माणसाच्या फाइलवरून त्याचा रक्तदाब सियाचेनने वाढवला की आनुवंशिकतेने, हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. त्याच चौकीवर राहिलेल्या पाचशे जणांची कागदपत्रे आणि तिथे न गेलेल्या पाचशे जणांची कागदपत्रे शेजारी ठेवली तरच काही दिसेल. म्हणून राज्याने माजी सैनिकांची आरोग्य नोंदवही ठेवावी, आणि ती मला दयेची योजना वाटत नाही. तो पुरावा आहे, आणि तो एकट्याने गोळा करता येत नाही.

माजी सैनिकांसाठी ई.सी.एच.एस. ही योजना 2003 पासून आहेच की, मग आणखी वही कशाला, असे कोणी म्हणेल. ती योजना औषधोपचाराची आहे. तिथे काय दिले आणि किती खर्च झाला ते कळते. जवान कुठल्या साली, किती उंचीवर, कशाच्या धुरात होता, हा तिचा प्रश्नच नाही. शिवाय संरक्षण केंद्राचा विषय, राज्याने त्यात हात का घालावा, असाही आक्षेप येईल. पण आरोग्य राज्याकडे आहे आणि सैनिक कल्याणाची जिल्हा कार्यालयेही राज्य चालवते, तेव्हा दोन्ही टोके त्याच्याच हातात आहेत. ग्रामीण भागात नोंदवही टिकत नाही, हा समज तर बार्शीने 1987 मध्येच मोडला. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील 346 गावांत कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. भारतातली ती पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव गेले, हे तिचे मर्म.

यापेक्षा अवघड आक्षेप दोन आहेत. अमेरिकेने 1978 मध्ये व्हिएतनाम युद्धात एजंट ऑरेंज या तणनाशकाच्या संपर्कात आलेल्यांची नोंदवही उघडली, ज्यांना वाटले ते आले आणि शास्त्रज्ञांनी तिच्या निष्कर्षांवर बोट ठेवले, कारण आजारीच आधी येतात. ठरावीक आजार सेवेमुळेच झाले असे गृहीत धरणारा कायदा 1991 मध्ये आला, तोही मुख्यतः इतर अभ्यासांच्या आधारावर. त्यामुळे स्वेच्छेची वही नको. सेवानिवृत्तीच्या दिवशीच प्रत्येकाचे नाव यावे, आजारी असो वा नसो. दुसरा आक्षेप खानदेशाला जास्त बोचणारा. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, जो पुढे मुंबई इलाख्यातही आला, कित्येक जमातींना नोंदवहीत कोंबले आणि 1952 पर्यंत ती वही त्यांच्या पायातली बेडी होती. वही कोणाच्या हाती, यावर तिचे पुण्य ठरते. आजाराच्या नोंदीमुळे माजी सैनिकाला सुरक्षारक्षकाची नोकरी नाकारली गेली, तर तो पुढच्या वेळी खोटे सांगेल आणि सारी वही नासेल. म्हणून नाव आणि आजार दोन वेगळ्या जागी, पेन्शन ठरवणाऱ्या कार्यालयापासून दूर असावेत. त्यांची सांगड घालण्याची मुभा फक्त वैद्यकीय महाविद्यालयाला असावी. अशी महाविद्यालये आज धुळ्यातही आहेत, जळगावातही.

खानदेशात सैनिकांची संख्या थोडी, सातारा-कोल्हापूरसारखी नाही, हा आक्षेप मात्र उलटा वळवावा लागतो. धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या आदिवासी भागात सिकलसेलचा गुणधर्म बऱ्यापैकी आढळतो. एरवी त्याचा वाहक निरोगी असतो, पण फार उंचीवर प्राणवायू कमी पडला की त्याच्या प्लीहेचा रक्तपुरवठा अडून ती निकामी होऊ शकते. साक्री किंवा चोपड्याच्या पावरा-भिल्ल घरातला तरुण लडाखच्या चौकीवर गेला, तर त्याचा धोका साताऱ्याच्या सरासरीत बुडून जातो. दोनशे वर्षांपूर्वी त्याच्या पूर्वजांना डोंगराची हवा ‘सोसते’ म्हणून पलटणीत घेतले गेले. सिकलसेलचा वाहक हिवतापाला काहीसा तग धरतो, हे विज्ञान आता सांगते. बहुधा त्या सोसण्यामागे याच रक्ताचाही थोडा हात असेल. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ 1927 पासून जुने कागद जपत आले आहे. त्याच शहरातल्या सैनिक कल्याण कार्यालयाच्या फॉर्मवर रक्तगट, सिकलसेल, तैनातीची ठिकाणे आणि वर्षे एवढे चार रकाने वाढवायला लागते ते एक शासन परिपत्रक आणि वैद्यकीय महाविद्यालयाशी एक करार.