व्हॉट्सअ‍ॅपचा स्क्रीनशॉट कोर्टात चालतो का? उत्तर जालन्याच्या निवडणुकीत आहे

'स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, कोर्टात दाखवतो,' असं भांडणात सर्रास ऐकू येतं. पण स्क्रीनशॉटची प्रिंट कोर्टात दिली म्हणजे तो पुरावा झाला, असं होत नाही. बार एक्झामची तयारी करणाऱ्यांसाठी हा हमखास महत्त्वाचा भाग आहे, आणि फोन वापरणाऱ्या प्रत्येकासाठीही.

नेमकं काय झालं होतं?

2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा 296 मतांनी पराभव केला. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी 3 ची मुदत संपल्यावर घेतला गेला, असा आक्षेप होता. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात झालेलं व्हिडिओ रेकॉर्डिंग याला आधार होतं. पण त्याच्या सीडीसोबत लागणारं प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही.

2017 मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 14 जुलै 2020 रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने निकाल दिला. मूळ फोन किंवा लॅपटॉप कोर्टात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर प्रमाणपत्राची गरज नाही. प्रिंट, सीडी किंवा पेनड्राइव्हमधली कॉपी असेल, तर ते हवंच. तोंडी साक्षीने ती उणीव भरून निघत नाही.

मग गोरंट्याल हरले का? नाही. प्रमाणपत्र मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं असेल आणि समोरचा देतच नसेल, तर अशक्य गोष्टीची सक्ती करता येत नाही, असं कोर्टाने म्हटलं. शिवाय इतर पुरावाही होता. खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून पुढची निवडणूकही होऊन गेली होती, हा भाग वेगळा!

आता कायदा काय सांगतो?

तेव्हा 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 65ब लागू होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि ही तरतूद कलम 63 मध्ये गेली. जुनी नोट्स वाचणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो. त्या तारखेआधी प्रलंबित असलेले खटले मात्र जुन्याच कायद्याने चालतात.

नव्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. 'भाग अ' पुरावा देणाऱ्याने भरायचा, 'भाग ब' तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसाच. एक अक्षर बदललं तरी हॅश बदलते. कल्पना चांगली आहे, पण चेक बाउन्स किंवा घरभाड्याच्या साध्या वादात सामान्य माणसाने हा तज्ज्ञ कुठून आणायचा, हे कायदा वाचून लगेच कळत नाही.

तुम्ही काय कराल?

वाद कोर्टात जाण्याची शक्यता वाटली, तर चॅट डिलीट करू नका आणि फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका. प्रमाणपत्र सुरुवातीला राहून गेलं तरी खटला संपण्याआधी ते देण्याची परवानगी न्यायाधीश देऊ शकतात. पुरावा दुसऱ्याच्या ताब्यात असेल, उदाहरणार्थ सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज, तर प्रमाणपत्राची मागणी लेखी करा आणि पोच जपून ठेवा. नकार मिळाला, तर ते मिळवून देण्यासाठी कोर्टाकडे अर्ज करता येतो.