डॅशबोर्ड कापण्याआधी...

मागच्या वीकांताला राजूरला गेलो होतो. आपलं जालना जिल्ह्यातलं, राजुरेश्वर गणपतीचं. गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक मानतात ते. दर्शन झालंच, पण खरं काम घरामागच्या शेडमध्ये होतं. तिथे आबांची जुनी जीप उभी आहे. वर कापडी हूड, दारं नाहीतच. परदेशात लोक क्लासिक कन्व्हर्टिबल मिरवतात, आमची ही!

या जीपचा एक गुन्हा माझ्या नावावर आहे. तो सांगण्याआधी थोडा इतिहास.

गाडीत रेडिओ बसवणं हा एकेकाळी भलताच उपद्व्याप होता. 1930 मध्ये शिकागोच्या पॉल गॅल्विनने आपल्या स्टुडबेकरमध्ये रेडिओ बसवला आणि थेट अटलांटिक सिटीच्या रेडिओ प्रदर्शनाला गाडी नेली. आत स्टॉल नव्हता, म्हणून पठ्ठ्याने बाहेरच गाडी उभी करून रेडिओ लावला! 'मोटर' आणि 'व्हिक्ट्रोला' जोडून त्याने नाव ठेवलं मोटोरोला. मोबाइलवाली मोटोरोला, तीच.

अडचणी दोन. इंजिनच्या स्पार्कची खरखर रेडिओत घुसायची. आणि रेडिओच्या व्हॉल्व्हना लागायचे शंभर-दोनशे व्होल्ट, तर गाडीची बॅटरी तेव्हा बहुधा 6 व्होल्टची. म्हणून 'व्हायब्रेटर' नावाचा एक गुणगुणणारा डबा मध्ये बसवावा लागे. 1955 मध्ये क्रायस्लर आणि फिल्कोने पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ आणला आणि हा डबा हळूहळू इतिहासजमा झाला.

आपल्याकडे महिंद्राने विलीस जीपची जोडणी सुरू केली ती 1940 च्या दशकाच्या शेवटी. जीप म्हणजे कामाची गाडी, तिच्यात कसला आलाय रेडिओ! आबांनी तो नंतर हौसेने बसवून घेतला. मीडियम वेव्ह, दोन खुंट्या, मध्ये काटा आणि एक लंबगोल स्पीकर. तेव्हा रेडिओला पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं, त्याची पुस्तिका आबांनी शेवटपर्यंत जपली. दिवसा नुसती खरखर, पण रात्री लांबची स्टेशनं लख्ख लागायची. मीडियम वेव्हच्या लहरी रात्री आयनोस्फिअरवरून परततात, म्हणून. काका म्हणतात, शेतावरून परतताना विविध भारती लागली की आबा जीप मुद्दाम हळू चालवायचे.

आणि मी? पहिल्या नोकरीचा पहिला बोनस मिळाला तेव्हा सीडी प्लेअर आणि मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन राजूरला पोचलो. नव्या प्लेअरला सुमारे 18 बाय 5 सेंटीमीटरचा आयताकृती खाच लागतो. जुन्या रेडिओला दोन खुंट्यांपुरती भोकं आणि एक छोटी खिडकी पुरे. मी हॅक्सॉ ब्लेडने डॅशबोर्डचा पत्रा कापला. बॅकअप न घेता प्रॉडक्शनवर डिलीट मारल्यासारखं! आबा ओट्यावरून बघत होते. काही बोलले नाहीत. नंतर जीपमध्ये मागेच बसायला लागले.

बरं, आवाज तरी सुधारला का? छे. उघड्या गाडीत स्पीकरच्या पुढच्या-मागच्या लहरी एकमेकींना खातात आणि बास उडून जातो. उरलेलं वारा आणि इंजिन गिळतात. पन्नासच्या स्पीडला नुसता गोंगाट.

योग्य पद्धत मला फार उशिरा कळली. मूळ रेडिओ जागेवरच ठेवायचा. त्याच्या पोटात ब्लूटूथचं छोटं सर्किट, आवाजाची खुंटी जुनीच. अ‍ॅम्प्लिफायर सीटखाली, स्पीकर बंद लाकडी खोक्यात, कानाकडे तोंड करून. आणि प्रत्येक जोडणी उद्या काढता येईल अशी.

आबांचा रेडिओ काकांनी ट्रंकेत जपून ठेवला होता. या वीकांताला तो परत बसवला. खाचेवर पट्टी लावली, तरी कापल्याची कडा दिसतेच. रात्री मीडियम वेव्ह लावली. खरखर आली, मग कुठलं तरी लांबचं स्टेशन. काका शेजारी बसून होते. म्हणाले, "आबा असते तर पुढं बसले असते."

असो. तुमच्याही घरी अशी एखादी गाडी असेल, तर हवं ते नवं बसवा. फक्त पत्रा कापू नका.